एकच मूळ दोनदा आलं की मधे 'न' कुठून येतो?

अनुस्वार

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं नोकरी झाल्यावर यंदा गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करायला घेतलाय. रात्री लेक झोपली की दीड-दोन तास मिळतात. गेला आठवडाभर रिकरन्स रिलेशनवर (मागच्या पदांवरून पुढचं पद सांगणाऱ्या समीकरणांवर) अडले आहे, तेही एकाच जागी. म्हणून हा धागा.

(इथे पदांचे क्रमांक खाली बारीक अक्षरात देता येत नाहीत. म्हणून अ(न) म्हणजे क्रमिकेचं न-वं पद आणि ^ म्हणजे घात असं समजा. क, ख, ग हे स्थिरांक.)

गणित असं आहे:

अ(न) = ४अ(न−१) − ४अ(न−२), अ(०) = १, अ(१) = ६

अ(न) च्या जागी क्ष^न ठेवलं की क्ष^२ − ४क्ष + ४ = ० हे वर्गसमीकरण मिळतं, म्हणजे (क्ष − २)^२ = ०. मूळ २, दोनदा. मुळं वेगळी असती, समजा २ आणि ३, तर क×२^न + ख×३^न लिहून पहिल्या दोन पदांवरून क आणि ख काढले असते. तिथवर मला येतं.

तसंच इथे करून पाहिलं: क×२^न + ख×२^न. न = ० ला क + ख = १. न = १ ला २(क + ख) = ६, म्हणजे क + ख = ३. तीच बेरीज एकदा १ आणि एकदा ३. गणित तिथेच थांबलं.

पुस्तकातलं उत्तर (क + ख×न)×२^न असं आहे. त्यात क = १, ख = २ ठेवलं की सगळं जुळतं, मी सहाव्या पदापर्यंत ताळा करून पाहिला. पण हा 'न' येतो कुठून? कॉलेजात आम्हाला 'समान मुळं आली की न ने गुणायचं' एवढं एकच वाक्य मिळालं होतं. तेव्हा पाठ केलं आणि पासही झाले. आता मात्र समजल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही असं ठरवलंय. कुणी नीट सांगेल का?

-----

वर्गमूळ

ताई, मी सेकंड इयरला आहे, आम्हालाही हेच वाक्य मिळालं. मी मनाशी असं धरलं होतं की पहिलं उत्तर २^न आहे, तर दुसरं त्याच्यापेक्षा वेगळं काहीतरी हवं, म्हणून काहीतरी गुणायचं. सगळ्यात सोपं म्हणून न. पण मग न^२×२^न घेतलं तरी चालायला हवं ना? ते पण वेगळंच आहे.

-----

उंबरठा

वाचतेय. मलाही हे कधी कळलं नव्हतं.

-----

खडू_फळा

आधी वर्गमूळची शंका बघू, कारण ती तपासायला दोन ओळी पुरतात. न^२×२^न हे उजव्या बाजूला घालायचं:

४(न−१)^२×२^(न−१) − ४(न−२)^२×२^(न−२)
= २^न × [२(न−१)^२ − (न−२)^२]
= २^न × (न^२ − २)

हवं होतं न^२, हाती आलं न^२ − २. दोनाने हुकलं. तेव्हा नुसतं वेगळं दिसून भागत नाही, समीकरणात बसावं लागतं. (वर्गमूळ, हा जो दोन उरला तो वहीत बाजूला लिहून ठेव. पुढे उपयोगी पडेल.) आता हेच न^२ ऐवजी न घेऊन कर: २(न−१) − (न−२) = न. चोख बसलं.

पण हा झाला ताळा. अनुस्वारताईंना ताळा नकोय, उगम हवाय. मग सूत्र क्षणभर विसरा आणि पदं काढा:

१, ६, २०, ५६, १४४

वाढ हळूहळू दुपटीकडे सरकतेय पण नेमकी दुप्पट नाही. दुपटीचा भाग काढून टाकला तर काय शिल्लक राहतं ते पाहू. म्हणजे प्रत्येक पदाला त्याच्या-त्याच्या २^न ने, म्हणजे १, २, ४, ८, १६ ने भागायचं:

१, ३, ५, ७, ९

हे ओळखीचं आहे ना? मी पस्तीस वर्षं शिकवलं, आणि ही भागाकाराची ओळ फळ्यावर लिहिली की वर्गात कुणीतरी हमखास मोठ्याने म्हणायचंच, 'अहो सर, ही तर विषम संख्यांची रांग!'

हे असं का झालं ते आता अक्षरांत करू. अ(न) = २^न×ब(न) असं लिहा. २^न कधीच शून्य होत नसल्यामुळे कुठलंही अ(न) असं लिहिता येतं. त्यामुळे एकही उत्तर यातून निसटत नाही. मूळ समीकरणात ठेवा:

२^न×ब(न) = ४×२^(न−१)×ब(न−१) − ४×२^(न−२)×ब(न−२)

दोन्ही बाजूंना २^न ने भागा:

ब(न) = २ब(न−१) − ब(न−२)

आणि थोडं हलवून,

ब(न) − ब(न−१) = ब(न−१) − ब(न−२)

म्हणजे आधीच्या जोडीत जेवढा फरक, पुढच्या जोडीतही तेवढाच. ही दहावीतली अंकगणिती श्रेढी आहे. तिचं न-वं पद क + ख×न. (दहावीच्या पुस्तकात न−१ असतं, कारण तिथे मोजणी एकपासून सुरू होते. इथे शून्यापासून आहे.) तुमचा 'न' तो हा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतले शब्द वापरायचे तर आदि (पहिलं पद) १ आणि चय (दर वेळची वाढ) २. चय शून्य नसला की 'न' दिसतो, शून्य असला की नुसतं २^न उरतं.

इथे २ च्या जागी शून्य सोडून कुठलीही संख्या र घ्या. (क्ष − र)^२ सोडवलं की अ(न) = २र×अ(न−१) − र^२×अ(न−२) मिळतं, आणि र^न ने भागलं की पुन्हा तेच ब(न) = २ब(न−१) − ब(न−२). र गळून पडतो. म्हणून मूळ २ असो, ७ असो, की उणे अर्धा, आत श्रेढी तीच.

-----

अनुस्वार

सर, मी आत्ता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून हे पुन्हा केलं. १, ३, ५, ७, ९ उतरलं तेव्हा खरंच आनंद झाला. इतकी वर्षं मी 'न' ला वरून चिकटवलेली गोष्ट समजत होते. तो आतूनच आहे.

एक विचारते. मुळं २ आणि ३ असताना 'न' नाही, २ आणि २.१ असतानाही नाही, २ आणि २.००१ असतानाही नाही. आणि नेमकं २ आणि २ झालं की अचानक येतो. ही उडी मला अजून खटकतेय. इतक्या जवळच्या दोन गणितांची उत्तरं इतकी वेगळी कशी?

-----

सेमीकोलन

ताई, खटकतंय ते योग्यच आहे, कारण उडी मुळात नाहीच. लिहिण्याच्या पद्धतीमुळे तशी वाटते.

दोन मुळं र आणि स, वेगवेगळी. र^न पण चालतं, स^न पण चालतं. मग त्यांची वजाबाकी पण चालते, आणि तिला कुठल्याही स्थिरांकाने भागलं तरी चालतं. तर हे घ्या:

(र^न − स^न) ÷ (र − स)

हे ० आणि १ ने सुरू होणारं उत्तर आहे (न = ० ठेवा, मग न = १). आता स = २ धरून र जवळ आणत जाऊ. न = २, ३, ४ साठी:

र = २.१ असताना: ४.१, १२.६१, ३४.४८१
र = २.०१ असताना: ४.०१, १२.०६०१, ३२.२४०८०१
आणि मूळ दोनदा २ असताना, न×२^(न−१): ४, १२, ३२

आकडे शांतपणे सरकत ४, १२, ३२ कडे चाललेत. कुठेही झटका नाही. २^न आणि २.०१^न ही दोन उत्तरं एकमेकांवर जवळजवळ चढलेली आहेत, त्यांच्यातला फरक अगदी बारीक आहे. र − स ने भागणं म्हणजे तो बारीक फरक भिंगाखाली धरणं. दोन्ही मुळं एक झाली तरी भिंगाखालचं चित्र शिल्लक राहतं, आणि ते चित्र म्हणजे न×२^(न−१).

यात 'न' कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं, विकलन लागत नाही. शाळेतले अवयव आठवा:

(र^न − स^न) ÷ (र − स) = र^(न−१) + र^(न−२)×स + … + स^(न−१)

उजवीकडे किती पदं आहेत? बरोबर न. स आणि र एक झाले की प्रत्येक पद र^(न−१) होतं. न सारखी पदं, म्हणून न×र^(न−१). सरांचा 'न' श्रेढीतून आला, हा पदं मोजण्यातून आला. मला दोन्ही वाटा आवडतात, पण नव्याने शिकणाऱ्याला सरांचीच आधी दाखवावी असं माझं मत आहे, कारण ती कुठलंही मूळ असलं तरी हाताने करता येते.

कोड लिहिणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना, यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत. कंप्युटरला मुळं काढायला लावून 'समान आहेत का' हे दशांश आकड्यांवर तपासू नका. क्ष^२ − ४क्ष + ४ मधला शेवटचा ४ बदलून ३.९९९९९९९९९९ केला, म्हणजे दशांशाच्या दहाव्या स्थानी एकाने हलवला, तर मुळं होतात २.००००१ आणि १.९९९९९. म्हणजे फरक दहाव्या स्थानावरून उडी मारून पाचव्या स्थानी येतो. दुहेरी मूळ इतकं हळवं असतं. सहगुणक पूर्णांक असतील तर विवेचक पूर्णांकातच काढा आणि तो शून्य आहे का बघा. शून्य म्हणजे शून्य, तिथे जवळपास काही नसतं.

-----

लघुगुरू

मी गणिताची नाही, मराठी शिकवते. पण सेमीकोलन यांनी ४, १२, ३२ लिहिलं आणि मला १२ वर थबकायला झालं. वृत्तं शिकवताना हा आकडा माझ्यासमोर रोज असतो.

यमाताराजभानसलगा सगळ्यांना आठवत असेल. तीन अक्षरांचे आठ गण. त्यांतले गुरू मोजले तर: य मध्ये २, म मध्ये ३, त मध्ये २, र मध्ये २, ज मध्ये १, भ मध्ये १, न मध्ये ०, स मध्ये १. बेरीज १२. लघूही १२.

दोन अक्षरांचे चार प्रकार होतात: गुरू-गुरू, लघू-गुरू, गुरू-लघू, लघू-लघू. गुरू ४. एका अक्षराचे दोन, गुरू १. चार अक्षरांचे सोळा प्रकार मी आत्ता मांडून मोजले, गुरू ३२ भरले.

हा योगायोग आहे की इथेही तेच चाललंय?

-----

खडू_फळा

लघुगुरूताई, तेच चाललंय, आणि तुमचं उदाहरण या धाग्यावरचं सगळ्यात सुंदर आहे.

पिंगलाच्या छंदःशास्त्रातला प्रस्तार (लघू-गुरूंच्या सगळ्या प्रकारांची मांडणी) कसा वाढतो ते तुम्ही जाणताच. न−१ अक्षरांचा प्रस्तार दोनदा मांडायचा, एका प्रतीत प्रत्येक ओळीला गुरू जोडायचा, दुसरीत लघू. मग एकूण गुरू, म्हणजे ग(न), किती? जुने दोनदा आले, आणि नव्याने जोडलेले २^(न−१):

ग(न) = २ग(न−१) + २^(न−१)

इथे वरवर एकच मूळ दिसतं, २. मागे लागलेला २^(न−१) मात्र दुसरं २ घेऊन आलाय. तो घालवायचा तर हेच समीकरण एक पायरी मागे लिहा, ग(न−१) = २ग(न−२) + २^(न−२), त्याला २ ने गुणा आणि वरच्यातून वजा करा:

ग(न) = ४ग(न−१) − ४ग(न−२)

हे अनुस्वारताईंचंच समीकरण, फक्त सुरुवात ० आणि १. उत्तर न×२^(न−१).

यात 'न' चा अर्थही डोळ्यांना दिसतो. आठ गण एकाखाली एक लिहा आणि ओळी सोडून स्तंभ बघा. प्रत्येक स्तंभात निम्मे गुरू, निम्मे लघू, म्हणजे ४ गुरू. स्तंभ तीन. तीन चोक बारा. 'न' म्हणजे स्तंभांची संख्या.

-----

लघुगुरू

उद्या नववीच्या वर्गात हा फळा असाच लिहिणार आहे. प्रस्तार मांडणं त्यांना येतं, गुरू मोजायला मी कधी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद सर.

-----

वर्गमूळ

सर, तीनदा तेच मूळ आलं तर? आणि दोनदा २, एकदा ३ असं मिसळून आलं तर? पेपरला हेच जास्त येतं. माझ्या एका मित्राने तिहेरी मुळाला (क + ख×न + ग×न)×२^न लिहिलं होतं.

-----

खडू_फळा

मित्राच्या उत्तरात ख आणि ग दोन्ही न लाच गुणलेत. म्हणजे तीन स्थिरांक दिसतात, पण हलवता येतात दोनच. अनुस्वारताईंची सुरुवातीची अडचण हीच होती, फक्त एक पायरी वर. तीन पहिली पदं दिलेली असतील तर ती एकाच वेळी जुळवता येतीलच असं नाही.

तिहेरी मुळाला पुन्हा तीच भागाकाराची युक्ती. (क्ष − २)^३ वरून

अ(न) = ६अ(न−१) − १२अ(न−२) + ८अ(न−३)

२^न ने भागलं की

ब(न) = ३ब(न−१) − ३ब(न−२) + ब(न−३)

१, ३, ३, १ ही मेरुप्रस्ताराची (पास्कलच्या त्रिकोणाची) ओळ आहे. तिचा अर्थ: ब च्या फरकांचे फरक स्थिर. वर्गसंख्यांवर बघ: १, ४, ९, १६, २५. फरक ३, ५, ७, ९. त्यांचे फरक २, २, २. तपास: ३×९ − ३×४ + १ = १६. म्हणून तिसरं भावंड न^२, आणि उत्तर (क + ख×न + ग×न^२)×२^न. चारदा मूळ आलं तर न^३ पर्यंत. मूळ जितक्यांदा, तितकी पदं, पहिलं नेहमी न^० चं.

मिसळीसाठी प्रत्येक मुळाचा आपला डबा वेगळा. (क्ष − २)^२(क्ष − ३) उलगडलं की क्ष^३ − ७क्ष^२ + १६क्ष − १२, म्हणजे

अ(न) = ७अ(न−१) − १६अ(न−२) + १२अ(न−३)

सुरुवात १, ३, ७ घे. उत्तराचा साचा (क + ख×न)×२^न + ग×३^न. तीन एकसामयिक समीकरणं:

क + ग = १
२क + २ख + ३ग = ३
४क + ८ख + ९ग = ७

सोडव, क = २, ख = १, ग = −१ येतील. आणि आता मी हे उदाहरण का निवडलं ते. १, ३, ७ पाहून पुढे १५ येणार असं कुणालाही वाटेल. पदं काढून बघ: १, ३, ७, १३, १५, −१९. वाढता वाढता एकदम उणे! कारण ३^न च्या मागे वजा आहे. सुरुवातीला (२ + न)×२^न त्याला झाकून ठेवतं, पण न कितीही मदतीला आला तरी २^न ला ३^न पुढे टिकता येत नाही. दुहेरी मुळाचा 'न' मोठा असतो, पण मोठ्या मुळाइतका कधीच नाही.

आणि बाजूला ठेवलेला दोन काढ. कुणी विचारलं,

अ(न) = ४अ(न−१) − ४अ(न−२) + २^न

तर मागे लागलेल्या २^न साठी २^न चालत नाही, न×२^न चालत नाही, दोन्ही आधीच घरातले आहेत. न^२×२^न घे. तुझ्या पहिल्या प्रतिसादात ते दोनाने हुकलं होतं. इथे आपल्याला नेमकं एकाने हुकायला हवंय. म्हणून निम्मं घे: न^२×२^(न−१). पदं ०, १, ८, ३६. तपास: ४×८ − ४×१ + ८ = ३६. तुझी चूक नव्हती, ते या गणिताचं उत्तर होतं.

-----

वर्गमूळ

सर _/\_ हे मी कधीच विसरणार नाही.

-----

दाब_आणि_दार

मेकॅनिकलवाला. एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) केलेल्यांना आठवेल, डिफरन्शियल इक्वेशनमध्ये समान मुळं आली की e च्या घाताला काळाने गुणावं लागतं. हाच 'न', फक्त पायऱ्यांऐवजी सलग. ऑफिसच्या दाराला वर तेलाचा क्लोझर असतो. त्याचा स्क्रू सैल असला तर दार आपटून पुन्हा मागे येतं (मुळं वास्तव नाहीत), फार आवळला तर रेंगाळत मिटतं (दोन वेगळी वास्तव मुळं). मधे एकच जागा अशी असते की दार न झुलता लवकरात लवकर मिटतं. तिथे मुळं समान असतात.

-----

सेमीकोलन

मला अजून एक सांगायचंच आहे, कारण अनुस्वारताई सॉफ्टवेअरच्या दिसतात आणि गेटला हे नक्की लागेल.

मर्ज सॉर्ट. यादी क्रमाने लावण्याची, जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडलेली पद्धत. यादी दोन तुकड्यांत तोडायची, दोन्ही तुकडे लावून घ्यायचे, मग गुंफायचे. गुंफताना प्रत्येक वस्तू एकदा हलते. यादीत २^प वस्तू असतील तर एकूण हलवाहलव

म(प) = २म(प−१) + २^प, म(०) = ०

सरांनी लघुगुरूताईंच्या गणाला जे केलं तेच करा. एक पायरी मागचं दुप्पट करून वजा:

म(प) = ४म(प−१) − ४म(प−२)

पुन्हा तेच समीकरण! उत्तर प×२^प. वस्तूंची संख्या २^प, आणि प म्हणजे तिचा दोनाच्या पायावरचा लॉग. या कामाच्या मापाला आपण सगळे जे 'एन लॉग एन' म्हणतो त्यातला लॉग हा दुहेरी मुळाचा 'न' आहे. १०२४ वस्तूंना १०×१०२४, म्हणजे १०,२४० वेळा हलवाहलव.

उलट, जोडताना एकच काम असेल तर म(प) = २म(प−१) + १. इथे मुळं २ आणि १, वेगवेगळी, उत्तर २^प − १, लॉग नाही. ८ संघांच्या बाद फेरीत ७ सामने होतात ते हेच. मास्टर थिअरमच्या (अशा तोडा-जोडा पद्धतींचं काम मोजायच्या सूत्राच्या) तीन केसेस पाठ करण्याआधी हे एकदा हाताने केलं, की मधल्याच केसला लॉग का येतो हे लक्षात राहतं: तोडण्याची वाढ आणि जोडण्याची वाढ तिथे सारखी असते, म्हणजे मूळ दोनदा येतं.

-----

अनुस्वार

काल रात्री सेमीकोलन यांचा प्रतिसाद वाचून झोपच लागेना. नऊ वर्षं मी 'एन लॉग एन' म्हणतेय, इंटरव्ह्यूमध्ये विचारतेयही. तो लॉग आणि माझ्या वहीतला अडलेला 'न' एकच असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आज रविवार. लेकीचे पत्ते घेतले, एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत आठ, पिसून जमिनीवर मांडले. ती समोर बसली, हातात पेन. मी पत्ता उचलून नव्या रांगेत ठेवला की तिने एक रेघ मारायची. आधी एकेका पत्त्याच्या चार जोड्या लावल्या: ८ रेघा. मग जोड्या गुंफून चार-चारच्या दोन रांगा: आणखी ८. मग दोन्ही गुंफून एक: पुन्हा ८. तीन थर, प्रत्येकात आठ. तिने पाच-पाचचे गठ्ठे करून मोजले, चार गठ्ठे आणि चार रेघा. २४.

मग ती म्हणाली, सोळा पत्ते घेऊ या. मी कागदावर आधी ६४ लिहून कागद दुमडून तिच्या मुठीत दिला. दोन रंगांचे आठ-आठ घेतले. या वेळी पत्ते तिने लावले, रेघा मी मारल्या. मधे एकदा चहा ऊतू गेला, पण आम्ही उठलो नाही. शेवटचा पत्ता ठेवून तिने मूठ उघडली. माझ्या रेघा ६४ होत्या.

सर, वरचं १, ३, ७, १३, १५ वालं मी सोडवलंय, क = २, ख = १, ग = −१ च आले. तिहेरी मुळाचं एखादं द्याल का? सुरुवातीची पदं तुम्हीच ठरवा.

-----

खडू_फळा

घ्या. अ(न) = ६अ(न−१) − १२अ(न−२) + ८अ(न−३), सुरुवात १, ४, १६. तिसऱ्या पदापर्यंत ते ४^न सारखं दिसेल, फसू नका. आधी २^न ने भागा.

-----

अनुस्वार

भागलं: १, २, ४. फरक १, २. फरकांचा फरक १, आणि तो आता कायम राहणार. मग पुढे ७, ११. म्हणजे अ(३) = ७×८ = ५६, ६४ नाही. ताळा: ६×१६ − १२×४ + ८×१ = ९६ − ४८ + ८ = ५६.

साचा: क = १. ख + ग = १, २ख + ४ग = ३. ग = १/२, ख = १/२. म्हणून अ(न) = (१ + न/२ + न^२/२)×२^न.

-----

खडू_फळा

बरोबर. पुढचं पान उलटा.